सात दिवसांत सहा रात्री असतात (पार्कातलं ३१ डिसेंबरचं जंगल आणि ते उभं करणारे)

बल्लीदोरी
४ जानेवारी, रात्री ११:४०

मंडळी, राम राम. एरवी मी वाचनमात्र. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

माझा मंडप आणि फॅब्रिकेशनचा धंदा, गाव जळगाव. वडिलांचा बल्ली, काथ्या आणि कनातीवर चालायचा, माझा पाइप, ट्रस आणि वेल्डिंगवर चालतो. लग्नं, उद्घाटनं, गणपतीची आरास, नवरात्रातला गरबा, सगळं करतो. चार-पाच वर्षांपासून पार्कांची कामं यायला लागली आहेत. हायवेला वॉटर पार्क, रिसॉर्ट झाले, त्यांना दर सणाला काहीतरी 'थीम' लागते. पैसा बरा असतो. बाकीचं सांगतो.

२४ डिसेंबर, दुपारी साडेतीन. फोन आला. ३१ ची रात्र, थीम 'जंगल'. २४ फुटी गेट, त्यावर समोरासमोर दोन हत्ती, सोंडा वर करून कमान केलेली. स्टेजमागे खडक, दोन मचाणं, झाडं. ड्रॉइंग नाही, कुठल्यातरी परदेशी पार्काचा फोटो व्हॉट्सॲपवर, तोही तिरका काढलेला. मी म्हटलं, साहेब, वेळ? तर म्हणे, "सात दिवस आहेत की तुमच्याकडे."

आता हे सात दिवस बघा. डिसेंबर म्हणजे शाळांच्या सहलींचा महिना. पार्क रोज १० ते ६ चालू. पोरांच्या डोक्यावर वेल्डिंगच्या ठिणग्या उडवता येत नाहीत, ते बरोबरच आहे. म्हणजे काम संध्याकाळी ७ ते सकाळी ८. २४ ची रात्र मापं घेण्यात आणि पाइपवाल्याचं गोडाऊन उघडायला लावण्यात गेली. उरल्या सहा रात्री.

हत्ती कसा करतात ते माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो. चौकोनी पाइपचा सांगाडा, त्यावर कोंबडीजाळी, आणि जाळीवर पातळ पीओपीत बुडवलेलं गोणपाट. गोणपाटाला आपोआप चुण्या पडतात आणि हत्तीची कातडी फुकटात मिळते. थर्माकोल २०१८ च्या बंदीपासून गेलाच, आणि खरं सांगू, हत्तीसाठी तो कधी बरा नव्हताच. पण पीओपी दहा मिनिटांत आवळलं तरी आतला ओलावा जात नाही. ओल्यावर रंग मारला की सकाळी पापुद्रे. मेमध्ये आपल्याकडे ४५ डिग्रीत कुठलीही वस्तू तासात वाळते, डिसेंबरच्या रात्री मात्र उघड्या माळावर दव पडतं आणि तुम्ही जेवढं वाळवता तेवढं ते परत भिजवतं. चार हॅलोजन लावले, काही होईना. शेवटी शेजारच्या मळ्यातून उफणणीचा पंखा आणला. गहू अजून वावरात उभा, त्यामुळे पंखा रिकामाच पडला होता. पुढे हॅलोजन, मागे पंखा, मध्ये हत्ती. दोन रात्री असा शेकला तेव्हा राखाडी रंग बसला.

झाडांचं सोपं गेलं. घड कापून झालेल्या बागेतले केळीचे खांब शेतकऱ्याला नकोच असतात, उलट उचलून नेले तर चहा पाजतो. पानं मात्र ऐन ३१ च्या पहाटे कापली, आधी कापून उन्हात ठेवली तर दुपारपर्यंत गुंडाळतात. सहा पोरांचे शर्ट चिकाने कायमचे गेले. त्याचं बिल कोणाला लावू?

आता मुख्य गंमत. जनरेटर २८ ला संध्याकाळी येणार असं कागदावर होतं. आम्ही त्या हिशोबाने २९ ला गेट बंद केलं, म्हणजे सोंडा जोडल्या. जनरेटर आला ३० च्या पहाटे ३ वाजता. ट्रकवर १२५ केव्हीएचं धूड, आणि आत जायला रस्ता तो एकच. सोंडेखाली साडेबारा फूट, ट्रक सव्वातेराच्या आसपास. ड्रायव्हर म्हणतो, टायरची हवा काढू का? मी डोक्याला हात लावला. टायरची हवा काढून पाऊण फूट कुठून मिळणार?

कटर घेतला आणि डाव्या हत्तीची सोंड मुळापासून कापली. चौघांनी दोर लावून खाली घेतली. आमचा रंगारी म्हातारा आहे, तो हत्तीच्या गालावर हात ठेवून उभा राहिला, म्हणाला, "थोडं सोस रे बापा." ट्रक आत गेला. सोंड परत वर, वेल्डिंग, जाळी, गोणपाट, पंखा, रंग. साडेसात वाजले. ३१ च्या रात्री त्याच सोंडेखाली हजारभर लोकांनी फोटो काढले असतील. बारकाईने बघितलं तर त्या सोंडेला एक वळी जास्त आहे.

आणि काढणी. लोक पावणेएकला हलले. १ तारखेला १० वाजता चार बसांची सहल यायची होती, म्हणून ९ ला मैदान साफ हवं. सहा रात्रींत उभं केलेलं आठ तासांत मोडायचं, तेही सहा रात्री न झोपलेल्या पोरांनी. एकाच्या पायात खिळा गेला, त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आणलं, नवीन वर्षाचं पहिलं काम तेच. ॲडव्हान्स २९ ला मिळाला होता. बाकीचं "बघतो".

प्रश्न असे. काढणीचा दर तुम्ही वेगळा लावता का? उशिरा होकार दिला तर जादा लावता का, आणि समोरचा ऐकतो का? रात्रपाळीच्या पोरांना काय देता?

---

तिसरा_फेज
५ जानेवारी, सकाळी ७:१०

भुसावळहून लाइटवाला. धागा वाचून अंगावर काटा आला, कारण तुमच्या त्या उशिरा आलेल्या जनरेटरच्या मागे कुठेतरी माझ्यासारखा एक जण केबल खांद्यावर घेऊन उभा असणार. जनरेटर येईपर्यंत आम्हाला काहीच तपासता येत नाही. सगळं जोडून ठेवायचं आणि देवाचं नाव घ्यायचं.

वॉटर पार्कातलं काम मी घेतो ते एका अटीवर. प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), आणि ती ट्रिप झाली तर कोणीही, अगदी मालकानेही, ती बायपास करायला सांगायची नाही. कारण ती होतेच. दवाने जोडांमध्ये पाणी धरतं. लोक जोडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, तो सगळ्यात वाईट उपाय. पिशवीच्या आतच घाम सुटतो. जोड जमिनीवरून उचलायचा, विटेवर ठेवायचा, तोंड खाली करायचं, बस.

मागच्या वर्षी एका पार्कात (नाव नको) रात्री दीड वाजता अर्धा माळ काळोखात. आरसीसीबी सेट करायची, दोन मिनिटांनी परत खाली. पार्कातला एक साहेब म्हणाला, "डायरेक्ट करून टाका, आपण कुठे पाण्यात उतरणारे." मी पक्कड खिशात ठेवली आणि खुर्चीवर बसलो. म्हटलं, तुम्ही करा. मग गप्प झाले. एकेक फीडर सोडवत गेलो, चोर सापडला चार वाजता. कारंज्यातला जुना दिवा, त्याची काच तडकलेली, आणि तो आमच्या लाइनवर कोणीतरी परस्पर जोडून दिलेला. माझा नव्हताच तो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: काढणी मी दरात धरतो, वेगळी दाखवत नाही. वेगळी दाखवली की तीच पहिली कापतात.

---

धुळ्याचा_गडी
५ जानेवारी, सकाळी ९:२५

भाऊ, तुमनं वाचीसन रडू का हासू तेच समजत नही. सोंड कापी टाकी!! 😂
पुढचा भाग येऊ द्या.

---

नियोजनवाली
५ जानेवारी, दुपारी १:०५

मी दुसऱ्या बाजूची. इव्हेंट कंपनीत आहे, माहेर चाळीसगाव. शिव्या खायला तयार होऊनच लिहिते.

२४ ला फोन येतो म्हणजे आम्ही २३ पर्यंत पाय पसरून बसलो होतो असं नसतं. पार्कवाल्यांना कार्यक्रम करायचा असतो, पण पैसा प्रायोजकाचा. प्रायोजकाचा होकार कुठल्यातरी मोठ्या शहरातल्या ऑफिसातून येतो, आणि नाताळच्या आठवड्यात तिथे कोणी जागेवर नसतं. मधल्या काळात आम्ही पोलिसांची परवानगी, अग्निशमनचा ना-हरकत दाखला, गाणी वाजवायचा परवाना यांच्या मागे. वाद्यांना रात्री १० नंतर बंदी, वर्षातले १५ दिवस सरकार १२ पर्यंत सवलत देऊ शकतं, ३१ डिसेंबर बहुधा त्यात असतो. पण आर्टिस्टला हे पटवणं म्हणजे, असो. तो स्टेजवर येतो साडेअकराला आणि १२ ला बंद म्हटलं की तोंड वाकडं.

आणि जनरेटर उशिरा का आला ते मला न विचारता सांगता येईल. ॲडव्हान्स उशिरा गेला म्हणून. तुमचा गेला २९ ला, त्याचाही त्याच दिवशी गेला असेल.

---

बल्लीदोरी
५ जानेवारी, दुपारी २:३०

ताई, शिव्या नाहीत. पण एक सांगा. १० डिसेंबरला तुम्हाला एवढं तरी माहीत होतं ना, की झालंच तर जंगल होणार आणि गेट त्याच रस्त्यावर येणार? तेव्हा मला फक्त टेप घेऊन बोलवायचं होतं. मी त्या दिवशीच विचारलं असतं की बाबा, आत जाणारं सगळ्यात उंच वाहन कोणतं. सोंड वाचली असती.

वरच्या माणसाचे १४ दिवस जातात, ते कोणाच्या हिशोबात धरले जात नाहीत. आमच्या पोरांच्या झोपेतून मात्र ते भरून निघतात.

---

नियोजनवाली
५ जानेवारी, दुपारी ३:१५

बोलावलं असतं. पण "पक्कं आहे का?" हा तुमचा पहिला प्रश्न असतो. नाही म्हटलं की तुम्ही ती तारीख दुसऱ्याला देता. हो म्हटलं आणि रद्द झालं की तोंड दाखवायला जागा नाही.

---

बल्लीदोरी
५ जानेवारी, दुपारी ३:४०

मोजणीचे वेगळे पैसे द्या ना. डिझेल आणि अर्धा दिवस. पक्कं नसलं तरी मी येतो, ड्रॉइंग काढून देतो. तारीख तुमच्यासाठी धरून ठेवायची असेल तर त्याचं थोडं टोकन. रद्द झालं तर टोकन बुडालं, तुमचंही आणि माझंही समाधान. हॉलवाले हेच करतात आणि त्यांना कोणी काही बोलत नाही.

---

नियोजनवाली
५ जानेवारी, दुपारी ३:५५

हे मी साहेबांपुढे ठेवते. खरंच ठेवते.

---

आबा_जुनं_जळगाव
५ जानेवारी, रात्री ८:२०

पोरांनो, तुमचं वाचून मला आपला रथ आठवला. जळगावचा श्रीरामाचा रथ १८७२ पासून निघतो, अप्पा महाराजांनी सुरू केला. कार्तिकी एकादशीला रथ, आणि त्याआधी रोज रात्री वहन. आज घोडा, उद्या हत्ती, मग सिंह, शेषनाग. म्हणजे रोज नवी थीम, तुमच्या भाषेत. एक मिरवून आलं की दुसरं सजवायला घ्यायचं, फुलं, दिवे, सगळं. माझं लहानपण त्या गडबडीत गेलं. कोणी 'थीम बदलली' असं म्हणून फोन करत नाही, कारण कोणत्या रात्री काय हे आजोबाच्या आजोबाला माहीत होतं.

लोक रथाला हात जोडतात, दोरावर हात लावायला धडपडतात. पण रथ चालवतो कोण? मोगरीवाला. एवढ्या अवजड रथाला ना ब्रेक ना स्टिअरिंग. चाकापुढे लाकडाची मोगरी टाकून तो वळवायचा, तिनेच थांबवायचा. दोर ओढणाऱ्यांना पुढचं दिसतं, मोगरीवाल्याला फक्त चाक दिसतं. तो चाकाच्या इतक्या जवळ वाकलेला असतो की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आणि वळणावर मोगरी वेळेच्या अर्धा क्षण आधी टाकावी लागते, बरोबर वेळेवर टाकली तर उशीर झालेला असतो. हे मला एका मोगरीवाल्यानेच सांगितलं होतं, मला तेव्हा कळलं नव्हतं.

फोटोत तो कधी येत नाही, वाकलेला असतो ना.

---

तिसरा_फेज
५ जानेवारी, रात्री ८:४५

आबा, दंडवत.
बारागाड्यांचंही तेच. भगत बारा गाड्या ओढतो ते सगळं गाव बघतं. आदल्या रात्री प्रत्येक आसाला वंगण घालून, गाड्या एकीमागे एक दोरखंडांनी आवळून, चाकं हाताने फिरवून बघणारे चौघं वेगळे असतात. आमच्या मामांच्या गावी एक म्हातारे होते, ते चाकाला कान लावून ऐकायचे. कुरकुरलं की परत वंगण.

---

फ्लोरिडाकर_अमळनेरी
६ जानेवारी, पहाटे ५:५०

इकडे ओरलँडोला राहतो, त्यामुळे पाहुणे आले की डिस्नीचं मॅजिक किंगडम चुकत नाही. १९७१ चं पार्क. जे आपण जमीन समजून चालतो तो खरं तर वरचा मजला आहे. तिथे पाणी वरच लागतं म्हणून तळघर खणता येईना. मग समोरचं तळं खोदताना निघालेली माती वापरून पार्कच वर उचललं आणि खाली कामगारांचे बोगदे केले. कपडे, कचरा, सामान, माणसं सगळं तिथून. वर बघणाऱ्याला झाडू मारणारा सोडून कोणी दिसत नाही. आणि नोव्हेंबरात हॅलोवीनची सजावट जाऊन नाताळची येते ती एका रात्रीत. संध्याकाळी भोपळे, सकाळी माळा.

पण घाईचं म्हणाल तर कॅलिफोर्नियाचं पहिलं डिस्नीलँड बघा. बांधकाम जेमतेम वर्षभराचं, उद्घाटन १७ जुलै १९५५. आधी प्लंबरांचा संप झालेला, त्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ की संडास यातलं एकच वेळेत होणार होतं. संडास केले. उन्हाचा दिवस, पाणी नाही, आणि ताजं डांबर मऊ होऊन बायकांच्या टाचा रुतल्या.

---

बल्लीदोरी
६ जानेवारी, सकाळी ६:३०

एका रात्रीत बदलतात खरं, पण त्या एका रात्रीसाठी महिने तयारी करत असतील ना भाऊ. आणि आम्हाला बोगदा नको, आत जायला दुसरा रस्ता मिळाला तरी पुष्कळ.

---

पाण्याकडचा
६ जानेवारी, दुपारी १२:१५

मी एका वॉटर पार्कात फिल्टर प्लँट बघतो. यावलकडचा. तुम्ही मंडपवाले, लाइटवाले निघून जाता भाऊ, मग आमची रात्र सुरू होते.

दोन वर्षांमागची गोष्ट. ठोक्याला १२ वाजता स्टेजवरून कॉन्फेटीच्या तोफा उडाल्या. चमकी एक, रंगीत क्रेप कागद एक. वारा होता स्विमिंग पुलाकडे. सगळं लाटांच्या पुलात. मी पंपाच्या खोलीत होतो, मला बाहेरचा जल्लोष ऐकू आला आणि पाच मिनिटांनी पंपाचा आवाज बदलला. जाळीचं टोपलं उघडलं तर चमकीने गच्च. ते साफ केलं, परत गच्च. मग बघतो तर पाणी गुलाबी. क्रेपचा रंग सुटला.

सहा लाख लिटर पाणी. सकाळी सहल. पाणी सोडून द्यायचं तर परत भरायला दीड दिवस, आणि उन्हाळ्यात प्यायला टँकर बघितलेला माणूस असं पाणी सोडत नाही. मच्छरदाणी फाडून दोन बांबूंना बांधली, मी आणि एक पोरगा कमरेभर थंड पाण्यात उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत गेलो. मासे धरतात तसं. सात फेऱ्या. नंतर फिल्टरचं बॅकवॉश, क्लोरीन वाढवून गुलाबी रंग घालवला, मग ते क्लोरीन खाली यायची वाट बघितली, पीएच साडेसातला आणला. साडेनऊ वाजले. दहाला पोरं पाण्यात. एका बाईंनी विचारलं, "इथे रात्री पार्टी होती ना? किती स्वच्छ ठेवलंय." मी हो म्हटलं.

तेव्हापासून करारात एक ओळ आहे. पुलापासून ५० फुटांत कॉन्फेटी नाही. ती ओळ दर वर्षी कोणीतरी खोडायला बघतं.

---

मोलगीवाली
६ जानेवारी, रात्री ९:३०

मी नंदुरबारची, माहेर सातपुड्यात. 'जंगल थीम' हे शब्द वाचले आणि राहवलं नाही.

माझ्या भावाचं ढोल-नाचाचं पथक आहे. त्यांना अशाच एका पार्कातून बोलावणं आलं. बल्लीदोरी दादांचं नव्हे, दुसऱ्या ठिकाणचं. फोनवर पहिली मागणी, "तो मोरपिसांचा मोठा टोप घालून गेटवर उभे राहा, लोक सेल्फी काढतील." भावाने सांगितलं की तो टोप होळीचा आहे. काठी गावच्या होळीला बावा-बुध्या (नवसाने नाचणारा) होणारा आधी व्रत पाळतो, अंगावर रांगोळीसारखे ठिपके, कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे, ते सगळं नवसाचं असतं. थंडीत दारात उभं राहायचा तो पोशाख नाही. समोरचे म्हणाले, बरं, मग साधं काहीतरी घाला. म्हणजे त्यांच्या लेखी आमचं साधं आणि भारी असे दोन रेट होते.

गेले. पाच तास जीपमधून. "पाचला हजर राहा" म्हटलेलं, स्टेजवर बोलावलं अकरा वीसला. सहा तास जनरेटरच्या मागे, धुरात. बायकांना कपडे बदलायला पंपाची खोली दिली. जेवणाची कुपनं फक्त मोठ्या कलाकाराच्या माणसांसाठी होती.

आणि ढोल. दवात ढोलाचं कातडं सैल पडतं, वाजवला तर नुसता धप्प. तो शेकोटीवर तापवावा लागतो. आग लावायला मनाई, तीही योग्यच. मग भावाने कोणाच्यातरी हॅलोजनसमोर ढोल धरून बसायचं ठरवलं. दर वीस मिनिटांनी पालट, एक तापला की दुसरा. वेळ सांगितली असती तर दोनदाच तापवले असते. असे चार तास तापवले. स्टेजवर आठ मिनिटं मिळाली.

---

बल्लीदोरी
६ जानेवारी, रात्री ९:५०

ताई, हॅलोजनसमोर मी हत्ती शेकला, तुमच्या भावाने ढोल. काय बोलू.

आमच्याकडे एक पद्धत वडिलांपासून आहे, तेवढी सांगतो. साइटवर रात्री ११ ला जेवण, आणि त्या वेळी साइटवर जो असेल तो पंगतीत. आमचा माणूस, परक्याचा माणूस, वॉचमन, ड्रायव्हर. डिसेंबरात काय लागतं? भरताची हिरवी वांगी, पऱ्हाट्या पेटवून भाजायची, बडगीत ठेचायची, कळण्याच्या भाकरी. या वेळी आग लावायची नाही म्हणून मळ्यात जाऊन भाजून आणली. तो जनरेटरवाला ड्रायव्हर, ज्याच्यावर मी पहाटे ओरडलो होतो, त्याने उरलेल्यातल्या चार भाकरी खाल्ल्या आणि सोंड वर चढवायला दोर धरला.

---

उधारी_खाते
७ जानेवारी, सकाळी १०:४०

कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो, बाकी कशातलं कळत नाही, पण "बघतो" यातलं कळतं.

धागाकर्ते, उद्यम नोंदणी आहे का? नसेल तर या आठवड्यात करा, ऑनलाइन आहे, फुकट आहे, एजंटाला पैसे देऊ नका. तुमचा धंदा सूक्ष्म किंवा लघू उद्योगात बसतो. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी मुदत ठरलेली असेल तर पैसे तेवढ्यात द्यावे लागतात, पण ती मुदतही ४५ दिवसांपेक्षा जास्त धरता येत नाही. काहीच लिहिलेलं नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. सरकारच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. शिवाय २०२४-२५ च्या कर आकारणीपासून, मुदत उलटूनही ३१ मार्चपर्यंत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांच्या अकाउंटंटला फोनवर नुसतं ऐकवा. मार्च जवळ आला की ते स्वतः फोन करतात.

आणि बिलात 'उभारणी' आणि 'काढणी व वाहतूक' अशा दोन ओळी करा. तिसरा_फेज म्हणतात ते धंद्याच्या दृष्टीने बरोबर असेल, पण पुढे वाद झाला तर कागदावर जे आहे तेच आहे.

---

तिसरा_फेज
७ जानेवारी, सकाळी ११:००

कागदावर लिहू हो. मग तीच ओळ कापून कोटेशन परत येईल ते तुम्हाला पाठवतो.

---

बल्लीदोरी
१९ जानेवारी, रात्री १०:१५

उशिरा उत्तर देतोय, लग्नसराई सुरू आहे.

उद्यम नोंदणी झाली, पोरीने केली. अकाउंटंटला ते वाक्य ऐकवलं. दुसऱ्या दिवशी बाकीतले निम्मे आले. उरलेले ३१ मार्चच्या आत देतो असं लिहून दिलंय, लिहून, हे नवीनच. खिळा लागलेल्या पोराचा पाय बरा आहे, त्या आठवड्याची हजेरी मी दिली, ती बिलात घालायची हिंमत अजून झाली नाही.

नियोजनवाली ताईंच्या कंपनीचा फोन आला. शिवजयंतीचं काही आहे, पक्कं नाही, पण मोजायला या म्हणाले. गेलो. पहिला प्रश्न वाहनांच्या उंचीचा विचारला. मोजणीचे पैसे तिथल्या तिथे दिले. काढणीची वेगळी ओळ घातली होती, ती खोडूनच परत आली आहे. तिसरा_फेज, जिंकलात.

---

चोपडा_मंडळ
२० जानेवारी, सकाळी ८:०५

दादा, हत्ती आहेत का अजून? आमच्या मंडळाला गणपतीच्या आरासीला पाहिजेत. काय घ्याल?

---

बल्लीदोरी
२० जानेवारी, सकाळी ८:२०

उजवा एका नर्सरीवाल्याने नेला, दारात उभा केलाय. डावा गोडाऊनला आहे. रंग चांगला आहे, पण सोंड उतरवताना जोडावर पुन्हा सुटली, ती वेगळी न्यावी लागेल. गोणपाटाचे पैसे द्या, पाइपचे गणपतीला माझ्याकडून.

टेम्पो तुमचा, उचलायला सहा माणसं तुमची. आणि येण्याआधी मंडळाच्या दारात तारा किती फुटांवर आहेत ते मोजून या.